रुजायची रजनी

प्रिय अन्विता आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर अन्विता म्हणाली, "शाळेत मला सगळे ॲनी म्हणतात. बाईंना माझं नाव जमत नाही. चालतं गं आजी, काय फरक पडतो?" मी बरं म्हणून फोन ठेवला, आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, एक सोडून सगळ्या, दोनदा बदलून झाल्या. हे 'चालतं' मी याच स्वयंपाकघरात पूर्वी ऐकलं आहे. म्हणणारी बाई तुम्हांला ओझरती आठवत असेल. सुट्टीत आलात की ती ईशानला काटे काढून मासा भरवायची. तुम्ही तिला रजनीमावशी म्हणत होतात. तिचं नाव रजनी नव्हतं.

तिचं नाव रुजाय. आपल्या माडांच्या पलीकडे, अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, असलेलं घर तिचं. नवरा कायतान जाळी दुरुस्त करायचा. रुजायला मी कधी बसलेली पाहिली नाही. नारळ खवायला आडाळ्यावर बसेल तेवढंच; एरवी उभ्याने भाजी चिरणार, उभ्याने चहा पिणार. "बसलंय की माका वाटता, कोणतरी साद घालता," म्हणायची. तुमच्या आजोबांनी आणि मी निवृत्तीनंतर तारकर्लीच्या या घरात पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या, तेव्हा पहिल्या दिवसापासून चूल तिच्याकडे होती. तिची सोलकढी पिऊन लोक पत्ता लिहून घेत.

पण फोन करणारे आधी खोलीचं भाडं विचारत नसत. "घर कोणाचं? आडनाव काय? जेवण कोण करतं?" एका बाईंना मी सहज सांगितलं, "आमची रुजाय करते." त्यांनी पलीकडे कोणाशी तरी कुजबुज केली. मग, "म्हणजे ख्रिश्चन का? मग राहू दे. सासूबाई जेवायच्या नाहीत." असं दोनदा झालं, तीनदा झालं. मला प्रत्येक गोष्ट आपापल्या डब्यात लागते, आणि डब्यावर चिठ्ठी लागते. मी रुजायलाही चिठ्ठी लावली. तिला म्हटलं, "पाहुण्यांसमोर तुला रजनी म्हटलं तर?"

ती नारळ खवत होती. हात न थांबवता म्हणाली, "रजनी म्हणा, नायतर सोमवार म्हणा. कढी माझीच पितले. चलता, वयनी."

मी शिकले नन्सच्या शाळेत. माझं इंग्रजी, माझं अक्षर, माझी शिस्त, सगळी त्यांची देणगी. त्यांची सकाळची प्रार्थना मला अजून पाठ आहे. तरी हे मी सुचवलं, आणि त्या रात्री मला छान झोपही लागली. हे तुमच्यापासून लपवणार नाही.

रुजायने त्या नावाचा खेळ केला. रजनी म्हणजे जणू दुसरीच कोणी बाई, आणि तीही कामचुकार. "आज रजनीन कढयेत मीठ चड घातल्यान हा, माका बोलू नकात." भांडी राहिली तर, "रजनी टाकून गेली. माका काय सांगतास?" आजोबा हसून विचारायचे, "मग पगार कोणाला द्यायचा?" ती म्हणायची, "रुजायक. रजनी देवाधर्माक काम करता." आम्ही सगळे हसायचो. कधीकधी मी "रजनी" अशी हाक मारली की ती आधी मागे वळून पाहायची, आणि मग 'ओ' द्यायची. तेव्हाही आम्ही हसायचो.

तिच्या गळ्यात एक बारीकसा क्रूस असे. कामाला आली की तो काढून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायची. मला वाटायचं, तेलात बुडेल म्हणून. खोल्या रिकाम्या असल्या की तो गळ्यातच राहतो, हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली. लक्षात आल्यावरही मी काही बोलले नाही. एका पाहुणीने तिला विचारलं, "कपाळ मोकळं का हो?" तर तिच्या आधी मीच सांगून टाकलं, "चुलीच्या घामात कुंकू टिकत नाही."

ती पाहुणी घाटावरची. सलग तीन वर्षं कुटुंबासह आली. जाताना दर वेळी रजनीताईंना साडी. तिसऱ्या वर्षी तिच्या सुनेला दिवस गेले होते, लग्नानंतर अकरा वर्षांनी. निघायच्या दिवशी सकाळी सासू-सून दोघी स्वयंपाकघरात आल्या. ताटात नारळ, तांदूळ, खण, कुंकवाचा करंडा. सासू म्हणाली, "रजनीताई, हिची ओटी तुम्ही भरायची. तुमच्या हातचं खाल्लं आणि हिला गुण आला." सून लाजून पदर पसरून उभी राहिली.

रुजायने हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "काकू, ह्या माज्यान होवचा नाय."

"का हो? सवाष्ण आहात की."

"मी सवाष्ण आसय. पण रजनी न्हय. मी रुजाय, किरिस्तांव. नाव खोटा चलता, काकू. वटी खोटी चलना नाय. पोटातल्या लेकराक कित्याक फसवू?"

सासू तिच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली. "तुम्हांला माहीत होतं?"

इतकी वर्षं शाळेत मुलांना मोठ्याने, स्पष्ट बोलायला शिकवलं मी. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच: "स्वयंपाक अगदी स्वच्छ असतो हो आमच्याकडे."

सून हळूच म्हणाली, "आई, भरू दे ना त्यांना." तिचा पदर अजून पसरलेलाच होता. सासूने ताट उचललं, तिचा दंड धरला. तासाभरात गाडी निघून गेली. सुरमईची आमटी तशीच चुलीवर. रुजायने तिच्यावर झाकण ठेवलं, ओटा पुसला, खिळ्यावरचा क्रूस काढून गळ्यात घातला.

"वयनी, रजनी आता कामार येवची नाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नको येऊ दे रजनीला. रुजाय तर येईल ना?"

"रुजायक तुमी कधी कामार घेतलास?"

आवाज चढलेला नव्हता. कुठला डबा संपत आला आहे हे सांगावं, तसं सांगितलं तिने. मी तिच्या घरी दोनदा गेले. तिने चहा दिला, नेवऱ्या दिल्या, कायतानच्या गुडघ्यांबद्दल बोलली. कामाचा विषय काढला की उठून कोंबड्यांना हाकलायला बाहेर जायची. पुढे दोघं गोव्याला लेकीकडे राहायला गेली.

तिथेच ती गेली. मयताला इथल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आणलं. मी मागच्या बाकावर बसले होते. पाद्रींनी नाव उच्चारलं: मारिया रोझारिया फर्नांडिस. मी शेजारच्या बाईला विचारलं, "हे कोणाचं नाव?" ती म्हणाली, "आमच्या रुजायचा, आनी कोणाचा?" नऊ वर्षं माझ्या घरात रांधणाऱ्या बाईचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या रजिस्टरात प्रत्येक पाहुण्याचं पूर्ण नाव आहे. तिचं नव्हतं.

आता स्वयंपाकाला तिची भाची प्रेसिला येते. फोनवर कोणी विचारलं तर मी नाव आडनावासकट सांगते. काही लोक फोन ठेवतात. त्यामुळे माझं मन हलकं झालं आहे असं समजू नका. त्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, हेही मला कळलं नाही, आणि ते विचारायचा अधिकार मला नाही.

अन्विता, तुझ्या बाईंचा यात फारसा दोष नसेल. पण तुझं नाव साडेतीन अक्षरांचं आहे. चार वेळा म्हणून दाखव, जमेल त्यांना.

रुजायने काम सोडलं त्या मे महिन्यात तिने वर्षाचा मसाला गिरणीतल्या डंखावरून कुटून आणून भरून ठेवला होता. डब्यावर माझी चिठ्ठी होती, सुवाच्य अक्षरात: 'मालवणी मसाला'. तिच्या खाली तिने पेनाने, वाकड्या ओळीत लिहिलेलं मला ती काम सोडून गेल्यावर दिसलं: 'रुजायन केल्लो'. तो मसाला कधीच संपला. दर वर्षी त्याच डब्यात नवा भरते. ती चिठ्ठी मात्र मी बदललेली नाही. ती अजून डब्यावर आहे.

तुमची आजी