दुसऱ्या भागात म्हातारी मरते

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, आजी, रागावलीस का? मी नाही म्हटलं आणि सुपारीच्या वाडीला पाणी सोडायचं आहे असं सांगून फोन ठेवला. दोन्ही खोटं होतं. पाणी सकाळीच सोडून झालं होतं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलं आहे, तेव्हा खरं काय ते नीट लिहून देणं भाग आहे. फोनवर ते जमत नाही. तिथे तुम्हाला घाई असते आणि मला रेंज नसते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

तुम्ही शेवटचे आलात त्याला सात वर्षं झाली. ताई अकरा वर्षांची होती, धाकटा आठ. मे महिना होता. दुपारी वाडीत पाऊल ठेववत नव्हतं, म्हणून तुम्ही पडवीत चटईवर टॅब मांडून बसलात आणि मला बोलावलंत. घट्ट कपडे घालून इमारती पाडणाऱ्या माणसांचे सिनेमे मी बघत नाही, असं मी सांगितलं. ताई म्हणाली की यात एकही इमारत पडत नाही. तेवढ्यावर मी बसले.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, किंवा तेव्हा होती. बंदरातल्या गावात एका म्हातारीने वाढवलेला अनाथ मुलगा. जगात कुठेही कोणी हाक मारली तरी त्याला ऐकू येते आणि तो धावून जातो. म्हातारी मात्र त्याला कधीच हाक मारत नाही. शेवटी पडद्यावर नावं सुरू झाली तेव्हा मी चहा टाकायला उठले, तर धाकट्याने पदर धरून मला खाली बसवलं. नावं संपेपर्यंत उठायचं नसतं, हे मला त्याने शिकवलं. आणि खरंच, अगदी शेवटी म्हातारी दिसली. तिने चहाच्या कपावर चमचा दोनदा वाजवला, फक्त दोनदा, आणि जगाच्या दुसऱ्या टोकावरून तो घरी आला.

तो सिनेमा आपण त्या महिन्यात पाच वेळा पाहिला. मी शिकवलेलं इंग्रजी आणि त्या लोकांचं इंग्रजी यांची ओळख नव्हती, म्हणून ताई मध्ये मध्ये थांबवून मला मराठीत सांगायची. नायक घरातून निघतो तिथे ती म्हणाली, "तो म्हणतोय, जातो."

मी तिला दुरुस्त केलं. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. ती म्हणाली की पण तो जातोय ना. मी म्हटलं, जात असला तरी. धाकट्याला याची एवढी गंमत वाटली की दोन दिवस तो न्हाणीघरात जातानाही "येतो" म्हणत होता. निघायच्या दिवशी गाडीत बसताना तुम्ही दोघांनी मला येतो म्हटलंत, आणि दुसरा भाग निघाला की इथेच, याच चटईवर, तिघांनी बघायचा असं ठरवलंत. ठरवलं तुम्ही होतं. मी फक्त हो म्हटलं.

मग मी त्याची चाहती झाले, हे कबूल करते. तुमचा जुना टॅब तुम्ही इथेच टाकून गेलात, त्यावर मी तो अनेकदा पाहिला. एका वहीत दुसऱ्या भागासाठी प्रश्न लिहून ठेवले. म्हातारी कधीच हाक का मारत नाही? तिला स्वतःचं कोणी नाही का? एकोणीस प्रश्न झाले. दर रविवारी फोन ठेवताना तुम्ही येतो म्हणायचात, सुरुवातीला कपावर चमचाही वाजवायचात. चमचा कधी बंद पडला ते माझ्या लक्षात आलं नाही.

यंदा दुसरा भाग आला. पेपरात वाचलं आणि दर रविवारी तुम्ही विषय काढाल म्हणून वाट पाहिली. तीन रविवार गेल्यावर मीच विचारलं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मित्रांबरोबर तो पाहिला होता. धाकट्याला तो ठीक वाटला होता. चटईचं मी बोलले, तर ताई हसून म्हणाली, "आजी, पिक्चरच तर आहे." यंदाच्या सुट्टीतही इकडे यायचं जमणार नाही, हेही त्याच फोनवर कळलं.

म्हणून मी स्वतः गेले. सुपारी सोलायला येते त्या शेजारणीला बरोबर घेतलं आणि पहाटेच्या एसटीने पनवेल गाठलं. तिने वाटेसाठी तांदळाची भाकरी आणि सुकट बांधून घेतली होती. थिएटरच्या दारात शिपायाने डबा आत न्यायला मनाई केली, तेव्हा तिने तिथेच पायरीवर बसून तो संपवला आणि त्यालाही चतकोर विचारली.

खेळ हिंदीतला होता. नायक आता थोराड दिसतो, कानशिलांवर पांढरे केस, ते मला आवडलं. बंदरावरचं वादळही छान घेतलं आहे. आमच्या वाडीवरून गेलेलं वादळ मी पाहिलं आहे, तेव्हा मला फसवणं सोपं नाही. पण हे सगळं नंतर. पहिल्या दहा मिनिटांत तो घरातून निघतो, म्हणतो, "चलता हूँ." मागे म्हातारी पडते. कपापर्यंत तिचा हात पोचतो, चमचा एकदाच वाजतो, दुसऱ्यांदा वाजत नाही. तो परततो, रडतो, आणि पुढचे अडीच तास इमारती पाडतो. या भागात इमारती पडतात. म्हातारीचं नावही पुन्हा कोणी घेत नाही. त्याला राग यावा एवढ्यापुरती ती मेली. माझे एकोणीस प्रश्न पिशवीतल्या वहीत तसेच राहिले.

नावं सुरू झाली तेव्हा सगळे उठले. मी उठले नाही. झाडूवाली बाई केर काढत आमच्या रांगेपर्यंत आली तरी बसून राहिले. शेवटी तिसऱ्या भागाची जाहिरात लागली.

परतीच्या एसटीत शेजारीण खुशीत होती. तिला तो सिनेमा जाम आवडला होता. म्हातारीचं तुला काहीच वाटलं नाही का, असं मी जरा रागानेच विचारलं.

"ते मला आधीच कलला होता, बाई," ती म्हणाली. "तो निघतो म्हनाला, येतो न्हाय म्हनाला. मग काय होनार? आनि म्हातारी मेली म्हनून तर तो हलला. न्हायतर बसला असता तिकडंच."

ती सहज बोलली. आजोबा गेले तेव्हा तुमचे बाबा दुसऱ्या दिवशी इथे हजर होते. त्याआधी चार वर्षं त्यांना रजा मिळत नव्हती.

हा राग सिनेमावर किती आणि तुमच्यावर किती, हे मी एसटी काशीदला पोचेपर्यंत वेगळं करत होते. जमलं नाही. तुमच्याबरोबर पाहिला असता तर हाच सिनेमा मी माफ केला असता. आपण तिघांनी मिळून त्याला नावं ठेवली असती. पण एक चूक माझी आहे, ती लिहिते. येतो हा निरोपाचा शब्द आहे, त्याचा अर्थ जातो, हे मीच तुम्हाला शिकवलं. जन्मभर मुलांना सांगितलं की शब्दाचं रूप एक आणि अर्थ दुसरा असू शकतो. आणि दर रविवारी तुम्ही येतो म्हणालात की मी ते वचन धरून बसले. तुम्ही धडा बरोबर शिकलात. मी विसरले.

तिसरा भाग मी पाहणार नाही. तुम्ही फोन ठेवताना काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

काल टॅब शोधून काढला. एका कोपऱ्यात काच तडकली आहे आणि चार्जिंगची पिन हाताने दाबून धरावी लागते, पण चालू होतो. पहिला भाग त्यात आहे. त्यात म्हातारी जिवंत आहे.