ओळख परेड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि ज्यांनी स्वतःहून विचारलं होतं, त्या चुरी सरांना तर नाहीच.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पालघरच्या आमच्या कॉलेजात अकरावीला गुन्हेशास्त्र हा विषय नव्याने आला. शिकवायला चुरी सर, निवृत्त फौजदार. आम्ही मूळचे साताऱ्याचे. वडील तारापूरच्या वीज केंद्रात, राहायला बोईसरच्या कॉलनीत. वर्गात मी एकटीच मुलगी.

एकदा तास चालू असताना एक अनोळखी माणूस आत घुसला, टेबलावरची पिशवी उचलून पळाला. सरांनीच घडवून आणलेलं सगळं. मग म्हणाले, वर्णन करा. पोरांनी त्याला दाढी चिकटवली, हातात सुरा दिला. तो अनवाणी होता, हे फक्त मी सांगितलं. ‘डोळे असावेत तर असे,’ सर म्हणाले. आणि मला ते खरं वाटायला लागलं. तिथूनच बिघडलं का? की सोयीचं म्हणून मी असं म्हणतेय?

त्याच वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. जवळच्या बेटेगावहून संध्याकाळी चालत घरी परतत होते. पुढे हिराबाई — आमच्या कॉलनीत सुके बोंबील विकायला येणारी, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांतली मांगेलीण. माझी पुस्तकं हातातून निसटली, मी वाकून गोळा करत होते. धाडकन आवाज झाला. मान वर केली तेव्हा टेम्पो वळणाआड चालला होता. निळा. मागूनच दिसला. हिराबाई रस्त्यावर पडली होती, टोपलीतले बोंबील सगळीकडे, आणि तिचा पाय — तो पुढे गुडघ्यापासून काढावा लागला.

हवालदाराने विचारलं, ड्रायव्हर कोणी पाहिला? गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, “ही पोर गुन्ह्यांचाच शिकते हाय, तिला इचारा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“पाहिला,” मी म्हणाले.

का? — घाबरून नाही. ‘नाही’ म्हणायची लाज वाटली, म्हणून.

ओळख परेड तहसील कचेरीत झाली. एका ओळीत उभी केलेली माणसं, सारख्याच अंगलोटाची. बाकीचे कंटाळून उभे होते. एकाच्या गळ्याची घाटी तेवढी वरखाली होत होती. संशयित कोण, हे कळायला मला त्याचा चेहरा आठवायची गरजच नव्हती. मी त्याच्या खांद्याला हात लावला.

“बहनजी, ठीक से देखिए,” तो म्हणाला.

रामलखन त्याचं नाव. एका कारखान्याचा निळा टेम्पो चालवायचा.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. “चेहरा दिसला होता ना, पोरी? नसेल तर आत्ता सांग. मी येतो तुझ्याबरोबर. कोणी काही म्हणणार नाही.”

याहून सोपी वाट कोणाला मिळते? वर्गात आम्ही दोघंच होतो. “दिसला होता, सर,” मी म्हणाले. “स्पष्ट.” ते फळा पुसायला वळले. त्यानंतर वर्गात त्यांनी माझं कौतुक कधी केलं नाही.

कोर्टात मी तेच शपथेवर सांगितलं. आवाज कापला नाही. हिराबाईने कुबडी भिंतीला टेकवून माझा चेहरा हातांत घेतला. “तू व्हतीस म्हणून, पोरी. नायतर आमचा कोन ऐकतो?” पुढे कित्येक महिने तिचा मुलगा आमच्या घरी पापलेटं आणून द्यायचा. आई हौसेने करायची. मी जेवत होते.

रामलखन निर्दोष होता असं मी म्हणत नाही. तोच असेलही. मला माहीत नाही — तेव्हाही नव्हतं. त्याला सजा झाली, नोकरी गेली. बोईसरच्या चाळीतली त्याची खोली लवकरच रिकामी झाली.

निकालाच्या दिवशी त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसली होती, मांडीवर लहान मूल. तिने मला ओळखलं. वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. तिने पदर आवरला आणि बाजूला सरकून मला उतरायला जागा करून दिली.

मी उतरले.