छपरावरचा पांढरा चौकोन

जिन्याच्या वरचा अरुंद बोळ. मधोमध घडीची शिडी. शिडीवर दोन पाय, त्यांतल्या एका गुडघ्याला लवचीक पट्टा. कमरेपासून वरचा माणूस छताच्या चौकोनी झाकणातून माळ्यात गडप झालेला. खाली शिडी धरून सत्तरीची एक बाई उभी. गळ्यात मोजपट्टी, हातांत बोटं उघडी राहतील असे लोकरी मोजे. पहिलं वाक्य तिचं.

"जरा आत सरकून बघा ना."

"इथून सगळं दिसतंय, बाई. तीस सेंटीमीटर जाड थर! गादीच घातलीय म्हणा की घराच्या डोक्यावर."

"मग माझी बोटं का आखडतात? सुईत दोरा ओवायला पाव तास लागतो मला."

"वय, बाई, वय. माझा गुडघा बघा की."

दोघंही हसली. प्रवेश संपला.

शिडीवरच्या माणसाला सगळे भिंतीवैद्य म्हणत. घर किती ऊब धरून ठेवतं आणि किती बाहेर सांडतं, ते मोजून त्याला 'अ'पासून 'ग'पर्यंत श्रेणी द्यायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्याआधी ते गिलावा करत, म्हणून भिंत दिसली की तळवा आपोआप तिच्यावर जायचा. लेकीचं सासर पाहायला गेले, तेव्हा जावयाआधी त्यांनी खिडकीची चौकट चाचपली होती. "मुलगा बरा आहे, पण हवा आत येते," असं बायकोच्या कानात सांगितलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बावीस वर्षांत त्यांच्या एकाही दाखल्यात दुरुस्ती झाली नव्हती. शिवणवाल्या बाईंच्या घराला त्यांनी 'क' दिला. 'ड' आणि त्याखालच्या घरांचे माळे नगरपालिका कडाक्याच्या थंडीआधी ऊब धरणाऱ्या मऊ थराने भरून देणार होती. यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद व्हायची होती. 'क' मिळाला आणि बाईंचं नाव त्या यादीतून गळलं.

त्या दिवसापासून भिंतीवैद्यांच्या जिवाला चैन पडेना. जेवता जेवता उठत, खिडकी लावून येत, पुन्हा उघडून येत.

"अहो, एका जागी बसा की!" बायको वैतागली. "घरात माणूस आहे की पंखा?"

"अगं, काही नाही."

काही नाही कसं? 'सरकून बघा' म्हणणारी ती बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती. वसंतात गुडघा धरला, तेव्हापासून ते माळ्यावर गुडघे टेकून शिरलेच नव्हते. झाकणात उभं राहायचं, बॅटरी फिरवायची, पट्टी खुपसायची, आकडा लिहायचा. कोणी विचारलं नव्हतं. आता मन विचारत होतं, आणि तेही अवेळी, दाढी करताना, चहा ओतताना.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ते त्याच गल्लीतलं समोरचं घर मोजायला गेले. रात्रीत दव गोठलं होतं. रांगेतली सगळी छपरं चुना मारल्यासारखी पांढरी. फक्त शिवणवाल्या बाईंचं छप्पर काळं, ओलं, आणि त्याच्या मधोमध पांढरा चौकोन. टेबलावर रुमाल टाकावा तेवढा.

खालची ऊब जिथून निसटते तिथलंच दव वितळतं. म्हणजे या घराला पांघरूण होतं ते त्या चौकोनापुरतं.

त्यांनी रस्ता ओलांडून घंटी वाजवली. "बाई, पुन्हा माळ्यावर जायचंय. शिडी कुठंय?"

"माझी कुठली? तुमचीच होती ती! गाडीत बघा."

ते शिडी आणून वर चढले आणि या वेळी पट्ट्यासकट गुडघा फळीवर टेकला. कळ मस्तकात गेली. झाकणापासून दोन हात सरकले आणि मऊ थर संपला. पुढे नुसत्या फळ्या, धूळ आणि गारठा. रंगमंचावरचं घर असतं ना, समोरून भिंत आणि मागे बांबू, अगदी तसं. आधीच्या कुठल्यातरी ठेकेदाराने तपासनीसाची बॅटरी पोचेल तेवढाच माळा सजवला होता. आणि तो तपासनीस कसा असेल, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

"काय दिसलं?" खालून आवाज आला.

"माझी चूक दिसली. तुम्ही सांगत होता, बाई, मी ऐकलं नाही."

बाईंनी शिडी घट्ट धरली. "मी रोज काहीतरी उसवते आणि पुन्हा शिवते. तुमची पहिलीच वेळ दिसतेय, म्हणून एवढा घाम. आधी उतरा, नाहीतर तुम्हालाच शिवावं लागेल मला."

साडेअकराला ते नगरपालिकेच्या कार्यालयात पोचले. तिथल्या अधिकारीण बाई एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"सर, 'नवीन माहिती मिळाली' हा रकाना भरते. तुमच्यावर काही येणार नाही."

"आणि त्यांचा माळा?"

"पुढच्या वर्षीच्या यादीत."

"दुसरा रकाना कुठला?"

"तो नको, सर. 'तपासनीसाची चूक.' दुरुस्ती आजच होते, पण मग या वर्षातले तुमचे सगळे माळे पुन्हा तपासावे लागतात. आणि तोवर तुमचं काम बंद."

सगळे माळे. भिंतीवैद्य मनात एकेक झाकण आठवू लागले. बेकरीच्या वरचं घर, जुळ्यांचं घर, शाळेमागची ती लांबलचक चाळ… किती ठिकाणी खालून कोणी काही सांगत होतं आणि आपण हसण्यावारी नेलं? त्यांचा तळवा मागच्या भिंतीवर गेला. भिंत गार होती. घड्याळात बाराला दहा मिनिटं उरली होती.

"चूक लिही," ते म्हणाले. "झाकणातूनच बघितलं, आत गेलो नाही, असं सरळ लिही. आणि उद्यापासून जे कोणी माळे तपासायला जाईल ना, त्याला सांग, खाली शिडी धरायला मी येतो."