मालनमावशी परीक्षेला बसतात

घाटकोपरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला तीन शिक्षक होते, पण मुलांना विज्ञानात पास करायचं काम मालन निकाळजे एकट्या करायच्या. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे नळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, फुटलेली काच झाडायची आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मोठ्याने कुरकुरायचं. ही कुरकुर फार अभ्यासपूर्ण असे. “काय बाई हा उग्र वास, डोकं उठलं!” असं मावशी खिडकीकडे बघून म्हणाल्या की शेवटच्या बाकापर्यंत सगळे जण ‘अमोनिया’ लिहीत. शिक्षकांना सगळं ठाऊक होतं. पण निकाल शंभर टक्के लागत होता, आणि मावशींच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती.

गेल्या वर्षी प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली. सहायकाला खुर्ची असते, कपाटाची किल्ली असते आणि पगारही बरा. अट एकच, दहावी पास, तीही विज्ञान घेऊन. मावशी जालन्याकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकलेल्या; पुढे लग्न आणि घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवरचा संसार. वय सेहेचाळीस. पण त्यांची लेक शीतल बी.एस्सी.ला होती. तिने बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला, आईचा अंगठा नव्हे, सही घेतली आणि छळ सुरू केला.

“आई, व्याख्या पाठ कर.”

“अगं, जे मी वीस वर्षं घासतेय त्याची व्याख्या कशाला?”

“परीक्षक विचारणार.”

“त्याला म्हणावं, ये, दोघं मिळून घासू.”

लेखी पेपर शीतलच्या धाकाने निभावले असते. धास्ती होती ती प्रात्यक्षिकाची आणि त्यानंतरच्या तोंडी परीक्षेची. पुस्तकातले लांबलचक शब्द मावशींच्या जिभेवर टिकत नसत. आणि तिथे दांडी उडाली तर जागा जाणार होती शेजारच्या शाळेतल्या कुणाला तरी.

परीक्षा मुलुंडच्या एका शाळेत होती. परीक्षक चंद्रप्रकाश सर जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे, शर्ट इतका खोचलेला की श्वास घ्यायची पंचाईत. तिथला परिचर सीताराम मालवणकडचा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. प्रत्येकाला नंबर घातलेली पांढऱ्या भुकटीची पुडी मिळाली. ती टेबलावरच्या बाटलीतल्या ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे क्षार नसलेल्या शुद्ध पाण्यात विरघळवायची आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पांढरा साका आला तर क्लोराइड, पाणी नितळ राहिलं तर नायट्रेट. आधीच्या तुकडीत सगळ्यांनी क्लोराइड लिहिलं होतं आणि निम्म्यांना शून्य मिळालं होतं. “अभ्यास म्हणून करत नाहीत,” सर पुटपुटत होते.

मावशींची पुडी दोन नंबरची. शेजारी मिथुन होता, दिवसभर स्कूटरवरून जेवणाची पार्सलं पोचवणारा पोरगा. त्याची एक नंबरची.

“मावशी, तुमचं काय आलं?”

“पांढरं.”

“माझं पण पांढरं! झकास. लिहा क्लोराइड, सुटलो.”

“नंबर वेगळे नि उत्तर एक? असं कोण मास्तर ठेवील रे?”

“अहो, सगळ्यांचंच पांढरं आलंय ना!”

“आमच्या अख्ख्या गल्लीला एकाच दिवशी जुलाब झाले होते. तेव्हा दोष गल्लीचा नव्हता, पाण्याचा होता.”

एवढं बोलून मावशी थबकल्या. त्यांनी नुसतं बाटलीतलं पाणी नळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडला. पाणी दुधाळ झालं. मावशींना पुढचं काही शोधावं लागलं नाही. शुद्ध पाण्याचा कॅन संपला की नळाखाली बाटली धरायची, हा उद्योग त्यांनीही आयुष्यात केला होता. नळाच्या पाण्यातच क्लोराइड; पुडी कुठलीही असो, साका पांढराच.

त्यांनी दाराकडे पाहिलं. सीतारामचा चेहरा त्या साक्यापेक्षा पांढरा झाला होता. तो जवळ सरकला. “गे बाय, माझा नाव घेव नको.”

मावशी उठल्या आणि सरळ बाहेर चालू लागल्या.

“उमेदवार! कुठे चाललात?” सर ओरडले.

“पाणी आणायला.”

“तहान लागली तर इथे...”

“मला नाही हो, पुडीला.”

मुख्याध्यापकांच्या केबिनमागे एसीच्या नळीखाली झाडांसाठी बादली लावलेली होती. मावशींनी तिच्यात नव्हे, थेट नळीखाली एक रिकामी बाटली धरली. परत येऊन नळ्या त्याच पाण्याने विसळल्या, प्रयोग पुन्हा केला. मिथुनच्या नळीत पांढरा साका आला. मावशींच्या नळीत पाणी नितळच राहिलं.

सरांनी खिशातला उत्तरांचा कागद काढला, पाहिला, पुन्हा पाहिला. मग टेबलावरच्या बाटलीतलं पाणी स्वतः तपासलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“या बाटलीत नळाचं पाणी कोणी भरलं?”

मावशी अदबीने म्हणाल्या, “सर, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.”

मिथुन फसकन हसला. सरांनी ओठ दाबले. “बरं, अभ्यासक्रमातलं विचारतो. एसीचं पाणी शुद्ध कसं?”

“हवेतली वाफ गार नळीला लागते नि तिचं पाणी होतं. वाफ वर जाते तेव्हा मीठबीठ खालीच राहतं. वाफ काय पिशवी घेऊन फिरते का?”

“बरोबर. वाफेचं पाणी होतं, या क्रियेला काय म्हणतात?”

झालं. शीतलने हा शब्द शंभरदा म्हणून घेतला होता. मावशींनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, शेवटी मिथुनकडे पाहिलं. मिथुनने खांदे उडवले.

“नाही आठवत,” त्या म्हणाल्या.

“संघनन. एक गुण कापावा लागेल, ताई.”

“कापा. शब्द नाही आला, पण पाणी आलं ना?”

सरांनी वीसपैकी एकोणीस लिहिले आणि सीतारामला खाली वडापावच्या गाडीकडे धाडलं. तिथे आधीची तुकडी मास्तरांच्या नावाने बोटं मोडत उभी होती, तिला फेरपरीक्षेसाठी वर बोलवायचं होतं. सीताराम इतक्या चपळाईने जिना उतरला की निवृत्तीला अजून वीस वर्षं असावीत असं वाटलं.

जूनमध्ये निकाल लागला. मुख्याध्यापिका मृणालिनीबाईंनी नेमणुकीचं पत्र दिलं. मावशींनी ते आधी शीतलला वाचू दिलं, मग तिच्या हातून घेऊन स्वतः मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, एकही शब्द न गाळता.