मेडशीचं गोदाम, शिरपूरचं वायंडिंग आणि मी सरळ केलेली नऊ गाणी

माझ्या पुण्याच्या स्टुडिओत एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या हार्ड डिस्क असतात. डिसेंबरात जागा हवी म्हणून त्या पुसायला घेतल्या, तर एकीवर माझ्याच अक्षरातली चिकटपट्टी दिसली : ‘सिंगल फेज – रात्रपाळी – कच्चं’. पुसण्याआधी सहज पाच मिनिटं ऐकावं म्हणून हेडफोन लावला आणि नऊच्या नऊ गाणी ऐकूनच उठलो. मग कपाट तसंच उघडं टाकून अकोल्याचं तिकीट काढलं.

सिंगल फेज हा वाशिम जिल्ह्यातला रॉक बँड. हसू नका. मेडशीच्या गजाननने तुरीच्या गोदामात तो सुरू केला, मालेगावच्या मिलिंदने त्यात ड्रम वाजवले आणि गजाननच्या एका मित्राने बास. मित्र आता नागपुरात बँकेत आहे, म्हणजे सुखी आहे. गावात शेतीच्या मोटारींची थ्री फेज वीज ठरलेल्या वेळीच येते. बाकी वेळ सिंगल फेज. त्यावर गिटारचा अँप्लिफायर चालतो, मोटार चालत नाही. म्हणून सराव सिंगल फेजमध्ये. थ्री फेज आली की गजानन गाणं अर्धं सोडून शेतात मोटार चालू करायला पळायचा. उरलेले दोघं तो येईपर्यंत वाजवत बसायचे. त्यांच्या गाण्यांत मध्येच गिटार गायब होऊन नुसते ड्रम आणि बास येतात ना, समीक्षकांनी त्याला काहीबाही नावं दिली. ती मोटार आहे.

‘डीपी जळाली’ (डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर) हा पहिला अल्बम गोदामातच झाला आणि कॉलेजांच्या पोरांनी डोक्यावर घेतला. दुसरा ‘रात्रपाळी’ माझ्याकडे झाला. तिथे मी माती खाल्ली.

मिलिंद शेवटाकडे लय वाढवत न्यायचा. मी अकोल्यात मांडवांच्या वायरी ओढत वर आलेला माणूस. कानावर पोट भरतो आणि कानाचा गर्वही आहे. मला वाटलं, पोरगा घाई करतोय. कॉम्प्युटरवर मी त्याचा एकेक ठोका उचलून सारख्या अंतरावर बसवला. वर स्टेजसाठी त्याच्या कानात टिकटिक दिली, की हिच्याबरोबरच वाजव. पुण्यातल्या एका कार्यक्रमात शेवटचं गाणं संपल्यावर त्याने कानातली ती गुंडी काढून ड्रमवर ठेवली आणि थेट एसटी स्टँड गाठलं. त्यानंतर त्याने ड्रमला हात लावला नाही असं ऐकत होतो. सहा वर्षं झाली.

म्हणून निघालो. त्याच्या मूळ ठोक्यांची ती डिस्क द्यायची, चूक कबूल करायची आणि जमलंच तर त्याला परत वाजवायला लावायचं.

अकोला स्टेशनबाहेर गरम कचोरी खाऊन घ्या, पुढे पोटाची सोय बेभरवशाची. वाशिमच्या गाड्या पातूरवरून मेडशी, मालेगाव करत जातात, सकाळी बऱ्याच मिळतात. पातूर सोडलं की घाट आणि सागाचं जंगल. उजवीकडची खिडकी पकडा, डावीकडे ऊन येतं. मी डिस्कचा डबा मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टरच्या नजरेतून तो सुटला नाही.

“थे डबं वर ठेवा ना भाऊ. मांडीवर कायले घेतलं?”

“नाजूक आहे.”

“अंडे हायेत काय?”

“गाणी आहेत.”

“मंग असू द्या,” तो तिकीट फाडत म्हणाला, “वर ठेवले त तुमाले ऐकू नाई येणार.”

मेडशीला गजानन मोटारसायकल घेऊन उभा होता. केस गेलेत, आवाज तोच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली, मध्ये गव्हाचे हिरवे पट्टे. घरी वहिनींनी वांग्यात तुरीचे ओले सोले, म्हणजे हिरवे दाणे, घालून भाजी केली होती. सोबत ज्वारीची भाकरी आणि ठेचा. या दिवसांत या बाजूला आलात तर हॉटेलात मागू नका, कुणाच्या तरी घरी जेवा. ओळख नसेल तर काढा.

जेवण झाल्यावर गोदामात गेलो. पोत्यांच्या मागे चादरीखाली ड्रम होते. चादर धुतलेली होती.

“मिलिंदविना तिसरा अल्बम केला म्या,” गजानन म्हणाला. “मशीनचे ड्रम लावले. लोकं म्हणे, मशीन चांगली हाये.”

“मिलिंदशी बोललास कधी?”

“काय बोलू? तुमी सरळ केलेलं मले बी आवडलं होतं तवा. थो माह्याकडे पाहून राह्यला होता, की हा काई बोलीन म्हणून. अन् मी चहा पेत होतो.” तो चादरीची एक घडी नीट करत बसला. “तुमाले घरात घेईन थो. मले नाई घेणार.”

“का?”

“तुमी पाहुणे. मी दोस्त होतो.”

दुसऱ्या दिवशी शिरपूर; मिलिंद आता तिथे जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. मेडशीहून मालेगाव, तिथे गाडी बदला. मालेगाव स्टँडबाहेर पोहे आणि वर तर्री, सकाळी उत्तम. हे बाजाराचं गाव, बियाण्या-खतांच्या पाट्या आणि मोटारसायकली यांतून वाट काढावी लागते. पानटपरीवाल्याला मी मुद्दाम विचारलं, सिंगल फेज आठवतो का.

“आठवते म्हंजे?” त्याने कात लावता लावता मान वर केली. “गणपतीत इथीच त पह्यला प्रोग्राम झाला त्याइचा. लोकं सिनेमाचे गाणे मांगत होते अन् हे पोट्टे डीपीवर गाणं म्हणत होते. पह्यली चप्पल म्याच फेकली!”

“आणि मग?”

“मंग मिल्यानं शेवटाले असा हात चढवला, असा चढवला, की बावा, मी एका चपलेवर नाचलो.”

“दुसरी?”

“थेच त नाई सापडली अजून.”

हसलो खरा, पण पान घेऊन गाडीत बसल्यावर ते खुपायला लागलं. चप्पल फेकणाऱ्याला जे कळलं, ते मी कॉम्प्युटरवर पुसून टाकलं होतं.

शिरपूर जैन हे मोठं गाव, जुन्या जैन मंदिरामुळे यात्रेकरूंची ये-जा असते, त्यामुळे मुक्कामाची सोय होते. भोजनशाळेत जेवायचं असेल तर सूर्यास्ताआधी पोचा, नंतर ताट मिळत नाही. मंदिर सवडीने बघा. मी आधी ‘पंचशील मोटार रिवायंडिंग’ शोधलं.

गव्हाचे दिवस, त्यामुळे दारात जळालेल्या मोटारींची रांग आणि बाकावर एक काळजीतला शेतकरी. मिलिंद हाताने फिरवायच्या मशीनवर तांब्याची तार गुंडाळत होता. मला पाहिलं, ओळखलं आणि मोजत राहिला.

“सतरा, अठरा, एकोणीस…”

“मिलिंद, मी…”

“भाऊ, बोलू नोका!” बाकावरचा शेतकरी कळवळून ओरडला. “याचा आकडा चुकला त माही मोटार पुन्हा जळीन. गहू वाळून राह्यला माहा!”

मिलिंदने मानेनेच तारेच्या रिळाकडे खूण केली. धर. पाचशे किलोमीटर मनात घोकलेली माफी गिळून मी रीळ धरून बसलो. एका कॉइलला साठ वेढे, अशा सहा कॉइल. काम चालू असताना बोलायचं नाही, हा त्याच्या दुकानाचा नियम.

बोलता येत नाही म्हटल्यावर मी ऐकायला लागलो. पहिल्या कॉइलला चाळिसाच्या पुढे त्याचा हात वाढला. घाई, माझ्या डोक्यात लगेच आलं. दुसऱ्या कॉइलला पुन्हा चाळिशीलाच वाढला. तिसऱ्याला तिथेच. मी गुडघ्यावर बोटाने ठेका धरला आणि चौथ्या कॉइलला चाळीस यायच्या आधीच माझंही बोट चढायला निघालं. घाई कुठेही होते. ही दर वेळी त्याच जागी, तेवढीच होत होती. मशीनवर आकडा दाखवणारा काटा होता. मिलिंद त्याच्याकडे बघतही नव्हता. साठ म्हणून तो थांबला तेव्हा मी बघितलं. साठच.

सहावी कॉइल उतरवून तो पाणी प्यायला.

“बोला आता. काहून आले?”

“हात चढतो तुझा. चाळीसनंतर.”

“हाव. भरत आलं की चढते. तार तवाच घट्ट बसते. माहे बाबा जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवत. चौक दिसला की त्याइचाबी हात चढे. त्याले काय कोणी सरळ करे?”

“मी केलं. चूक माझी होती, मिलिंद. मला लय कळते असं मी समजत होतो.”

मी लॅपटॉप उघडला, हेडफोन दिला. पहिलं गाणं तो खाली बघत ऐकत होता. दुसऱ्याला त्याने तयार झालेली एक मोटार जवळ ओढली. मला वाटलं, झालं, उडालं पाखरू. पण त्याने फक्त तिच्यावर हात ठेवला. तिसऱ्या गाण्यात त्याची बोटं तिच्या पत्र्यावर पडायला लागली.

“इथी चुकलो मी,” मध्येच तो म्हणाला. “काठी निसटली.”

“ठेवायचं?”

“ठेवा. हे मी हाये. तुमच्या थ्या अल्बमात मी नोहोतो.”

मग त्याने मोटार चालू केली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवलं, मूठ माझ्या कानाशी धरली. बेअरिंग तपासायची ही त्यांची रीत.

“काय ऐकू येते?”

मी खूप कान दिला. “काहीच नाही. एकसारखं आहे.”

“मोटार अशीच पायजे,” तो म्हणाला. “मोटार.”

बाकावरच्या शेतकऱ्याला आता राहवेना. “अन् माही? माही कवा बसवता?”

निघताना मी गजाननचा विषय काढला. मिलिंदने डिस्क फडताळात ठेवली. “थ्याले सांगजा, थो चहा पेत होता थे मले आठवते.” मग जरा थांबून, “ड्रम विकले काय त्यानं?”

“चादरीखाली आहेत. धुतलेली चादर.”

“हं,” म्हणाला आणि पुढची मोटार उघडायला घेतली.

येताना मेडशीला उतरून गजाननला दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. घर येईपर्यंत मोटारसायकल त्याने सेकंड गिअरमध्येच चालवली.

पुण्यात येऊन आठ दिवस झाले. वहिनींनी दिलेली सोल्यांची पिशवी आठवडाभर पुरली, ठेचा बायकोने लपवून ठेवलाय. नऊ गाणी मी ठेवून घेतलेल्या प्रतीवरून, एकही ठोका न हलवता तयार केली, निसटलेल्या काठीसकट. काम इतकं थोडं होतं की लाज वाटली.

काल रविवारी दुपारी गजाननचा फोन आला. तो काही बोलायच्या आधी मागून आवाज आला, ड्रमवर काठीचा, आधी चाचपडत, मग बसत गेलेला.

“आला?” मी विचारलं.

“सकाळीच. म्हणे चहा मांड.” मग एकदम, “थ्री फेज आली भाऊ! मोटार!” आणि फोन पोत्यावर तसाच टाकून तो पळाला.

मिलिंद थांबला नाही. एकटाच वाजवत राहिला. हळूहळू हात चढायला लागला. मी खुर्चीत बसून फोन कानाला धरला होता. सवयीने उजवा हात गुडघ्यावर गेला होता, तो मी उचलून खिशात घातला आणि मोजल्याशिवाय ऐकत राहिलो.