आत्याचा मास्क

पेणपासून रोह्यापर्यंत आमच्या आत्याइतकं संशयी माणूस दुसरं मिळायचं नाही. चेहऱ्यावर तर तिचा काडीचा विश्वास नाही. मी मिशी काढून तिच्या पेणच्या घरी गेलो, तर शेजारीण "कोण पाहिजे?" म्हणून दारातच अडवून उभी. आत्याने मान वर केली न केली आणि म्हणाली, "आमचाच हाय तो. मिशी गेली, पण चप्पल घासत चालणं कुठं गेलंय?"

हा तिच्या नोकरीचा गुण. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती डांग्या खोकल्याचे जंतू सांभाळते. हे जंतू रूप बदलत असतात. लस घेतलेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्यांना अजून ओळखतात का, ते तिथे तपासतात. "मेल्यांनी एक खूण टाकून दिली, पण बाकीच्या हायत ना. त्यांच्यावरनं धरायला पायजे." धरतात का, असं विचारलं की म्हणते, "बऱ्याचदा धरतात. पण बऱ्याचदावर मला झोप येत नाय." रोह्याला येताना गडबच्या थांब्यावर एसटीत कोणी खोकत चढलं की नागोठणं येईपर्यंत त्याची चौकशी पुरी होते. एक आजोबा म्हणाले, "विडीचा हाय गो बाय, खोकला नाय." त्यांना तिने रोह्यात उतरवून थेट दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवलं.

माझी मुलगी झाली तेव्हा लग्न न केलेल्या या बाईला आभाळ ठेंगणं झालं. तान्ह्या बाळाला हा खोकला जिवावर बेततो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? दर रविवारी ती रोह्याला आमच्याकडे यायची, पण पोरीचे लसीचे डोस पुरे होईपर्यंत मास्क उतरला नाही. एक पापासुद्धा घेतला नाही. "माझ्या घशात काय बसलंय, मला काय ठाऊक?" पोर मात्र तो निळा मास्क दिसला की हातपाय झाडत हसायची.

डोस झाले, वर आत्याने आपल्या समाधानासाठी आणखी थोडे दिवस घातले. मग एका रविवारी तिने मास्क काढला आणि पापा घ्यायला वाकली. पोरीने डोळे विस्फारले, ओठ काढला आणि घर डोक्यावर घेतलं. आत्याचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. तिने मास्क पुन्हा चढवला, तशी पोर हुंदके देत देत तिचं बोट धरून हसली.

"हिला मी माझी एकच खूण दिली रे," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने तिने मास्क हळूच नाकाखाली ओढला आणि थांबली. पोर नाकाकडे बघत राहिली, रडली नाही.

"आज नाकाचा डोस," आत्या म्हणाली, "हनुवटीचा पुढच्या रविवारी."