पितृपक्षात अडकलेली बोट

दर्यापूरच्या तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन मी बसते. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, जे येईल ते टाइप करते. नवऱ्याचं वर्कशॉप अकोला रोडवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं. मागच्या वर्षी त्याला पहिल्यांदाच बोटीचं काम मिळालं. मेळघाटाच्या पायथ्याशी एका धरणावर पर्यटकांना फिरवायला लोखंडी बोट हवी होती. आमच्या काळ्या मातीत बोट! लोक हसले. तो हसला नाही. ट्रॉल्या करून करून त्याला वीट आला होता. ही एक बोट पाण्यात उतरली की पुढं बोटीच करायच्या, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

करार अर्थातच मी टाइप केला. बोट घेणारा ठेकेदार अकोल्याचा, गोड बोलणारा. त्यानं शेवटी एक कलम घालायला सांगितलं: ठरल्या तारखेला बोट ताब्यात मिळाली नाही, तर करार रद्द करायचा हक्क त्याचा. असली कलमं मी रोज टाइप करते, हात आपोआप चालतो. नवऱ्याला म्हटलं, सहीआधी वाचून घ्या.

"तू टाइप केलं ना? मंग मी काय वाचू?" म्हणत त्यानं सही ठोकली. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. बाईनं किती मूर्ख असावं!

तारीख इंग्रजी कॅलेंडरची. तिथी कोणीच पाहिली नाही. बोट वेळेत तयार झाली, रंग वाळला, आणि मग लक्षात आलं की तारीख पितृपक्षात येते. त्या पंधरवड्यात आमच्याकडे नवी वस्तू कोणी घेत नाही आणि देतही नाही. तयार ट्रॉलीसुद्धा सर्वपित्री होईपर्यंत दारातच उभी राहते. नवऱ्यानं ठेकेदाराला फोन लावला. स्पीकर सुरू होता, मी भाकरी थापत ऐकत होते.

"अवो भाऊ, आमच्या घरीबी पाळतात," ठेकेदार म्हणाला. "घट बसले का घेऊन जातो. काहून घाई करता?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "हे त्याच्याकडून लिहून घ्या. मेसेज तरी मागा."

"पितरांच्या गोष्टीत कागद मागू काय? काय म्हणन तो मले?"

मी हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते मागणं ओशाळवाणं वाटलं.

तारीख गेली. दर आठवड्याला वेल्डिंग पाहायला येणारा ठेकेदाराचा माणूस यायचा बंद झाला. नवऱ्याचे फोन नुसते वाजून थांबू लागले. मग ओळखीचा एक जीपवाला सांगून गेला, परतवाड्याच्या स्टँडजवळ त्यानं ट्रकवर फायबरची बोट पाहिली, धरणाकडे चाललेली.

"दुसऱ्या कोणाची असन," नवरा म्हणाला आणि आमच्या बोटीला रंगाचा आणखी एक हात द्यायला गेला. त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की मला धडकी भरायची.

घट बसायच्या आदल्या दिवशी रजिस्टर पत्र आलं. करार रद्द. कारण म्हणून खाली मी टाइप केलेलं तेच कलम, काना-मात्रेसकट. नवऱ्यानं ते मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. तो ओरडेल, भांडेल, असं वाटलं. मला ते हवंही होतं. तो फक्त म्हणाला, "असं होतं होय त्यात."

वकील म्हणतात, लढू, पण फोनवरचं बोलणं शाबीत करणं कठीण आहे. तोवर बोट पुरावा म्हणून तशीच ठेवायची. वर्कशॉपच्या दारात ती उभी आहे, येणारे-जाणारे तिच्यासोबत फोटो काढतात.

मागच्या सोमवारी ट्रॉलीची ऑर्डर आली. गिऱ्हाइकाला करार हवा होता. भर दुपारी त्याला घेऊन नवरा तहसीलसमोर आला. मी खुर्ची पुढं सरकवली, कोरा कागद चढवला. माझ्याकडे न पाहता तो पुढं गेला आणि पलीकडच्या टायपिस्टसमोर बसला.

"सही कराच्या आधी मले सगळं वाचून दाखवा," तो त्याला सांगत होता.